आमच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत एका अंध मुलाने नाव नोंदवले आहे. त्याच्यासाठी वेगळा गट करावा का, आणि कोणती तयारी ठेवावी?

वेगळा गट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे वडोदऱ्याचे अंध बुद्धिबळपटू दर्पण इनानी डोळस खेळाडूंशीही खुल्या स्पर्धांत खेळत आले आहेत. शिवाय फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत दृष्टिबाधित खेळाडूंसाठी स्वतंत्र परिशिष्टच असल्यामुळे, हा मुलगा आपल्याकडे सवलत मागत नसून नियमाप्रमाणे खेळू इच्छितो, हे आधी आपल्या समितीला सांगावे.

अशा डावात दोन पट असतात. डोळस खेळाडू नेहमीच्या पटावर खेळतो. अंध खेळाडूच्या पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला खुंटी असते, तर काळ्या मोहऱ्यांवर बोटांना कळेल अशी खूण असते. प्रत्येक चाल मोठ्याने उच्चारायची, प्रतिस्पर्ध्याने ती पुन्हा म्हणायची आणि आपल्या पटावर करायची, अशी पद्धत आहे. बी, डी, ई ही अक्षरे ऐकताना एकमेकांत मिसळतात, म्हणून उभ्या रांगांना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह, हेक्टर अशी नावे दिलेली आहेत. ही नावे मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर ठेवावीत.

सर्वाधिक वाद होतो तो ‘हात लावला’ या मुद्द्यावर. मी पंच असलेल्या एका जिल्हास्तरीय स्पर्धेत, अंध खेळाडू बोटांनी पट चाचपत असताना समोरच्या शाळकरी मुलाने, त्याने घोड्याला हात लावला असून आता घोडाच खेळला पाहिजे, अशी तक्रार केली. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता, कारण चाचपणे म्हणजे पाहणे आणि मोहरे भोकातून बाहेर काढले तरच हात लावला असे धरले जाते, हे फेरीपूर्वी त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ती चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी मी प्रतिस्पर्ध्याला पाच मिनिटे बाजूला बसवून हे समजावतो.

त्याच स्पर्धेत टेबल इतके अरुंद होते की दोन पट जेमतेम मावले, आणि चाली उच्चारल्यामुळे शेजारचे खेळाडू त्रासले. तेव्हा आवाज कमी करा, असे त्या दोघांना सांगणे अन्यायाचे ठरते. उपाय टेबलात आहे, म्हणून सभागृहाच्या कोपऱ्यात, इतर पटांपासून दूर, एक रुंद टेबल त्याच्यासाठी सर्व फेऱ्यांत कायम राखावे आणि जोड्या लागतील तसे प्रतिस्पर्ध्यांनी तेथे यावे. दरवेळी नव्या टेबलापर्यंत वाट शोधण्याचा शीणही त्यामुळे वाचतो.

त्याला मदतनीस घेण्याचा हक्क आहे. मदतनीस चाली उच्चारू शकतो, प्रतिस्पर्ध्याच्या पटावर त्या करू शकतो, नोंदवू शकतो आणि घड्याळ दाबू शकतो, मात्र किती वेळ गेला हे खेळाडूने विचारल्यावरच सांगायचे असते. खेळाडू स्वतः ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रकावर नोंद ठेवू शकतो. हात चालत नसलेल्या खेळाडूलाही पंचांना मान्य असलेला मदतनीस मिळतो. एरवी मदतनीस घेणाऱ्याच्या घड्याळात पंच फेरफार करतात, पण अपंगत्व असलेल्या खेळाडूला तो लागू होत नाही, आणि हे अनेक अनुभवी पंचांनाही ठाऊक नसते.

आजच त्याच्या पालकांना फोन करून तो स्वतःचा पट आणि बोलणारे घड्याळ आणणार आहे का, सोबत मदतनीस असेल का, हे विचारावे. पट नसेल तर मुंबईचे चारुदत्त जाधव यांनी स्थापन केलेल्या अंधांच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे चौकशी करावी, आणि ती पहिल्या फेरीच्या पुरेशी आधी करावी.