दहा वर्षांच्या मुलीला चाली येतात, आता अप्पा बळवंत चौकातून बुद्धिबळाचं कोणतं पुस्तक घेऊ?

एक-दोन चालींत मात करायच्या कोड्यांचं घ्या, ओपनिंगचं (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचं) सध्या नको. या वयात डाव हरतात ते बहुतेक फुकट गेलेल्या घोड्या-उंटामुळे; पाठ केलेली ओपनिंग समोरच्याने वेगळीच चाल केली की संपते. दुकानात मुलीला सोबत न्या आणि मधलंच पान उघडून पाच आकृत्या सोडवायला द्या. तीन-चार सुटल्या तर पुस्तक बरोबर. पाचही झटक्यात सुटल्या तर पुढचा भाग बघा. घेण्याआधी एवढं तपासा:

- आकृतीत उजवीकडचं खालचं घर पांढरंच हवं. स्वस्त छपाईत पट उलटा छापलेला सापडतो.
- उत्तरं मागे, वेगळ्या पानांवर हवीत. कोड्याखालीच असली तर डोळा तिकडेच जातो.
- जुन्या पुस्तकांच्या ढिगात चाली ‘पी-के४’ अशा जुन्या पद्धतीने लिहिलेल्या दिसल्या तर ठेवून द्या. फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९८१पासून फक्त ‘ई४’ (घराचं अक्षर आणि आकडा) पद्धत मानते, स्पर्धेत तीच लिहावी लागते.

मात्र समोर एकटा राजा असताना फक्त हत्ती आणि राजा घेऊन मुलीला मात करता येत नसेल, तर आधी अंतिम डावाचं (मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळाचं) छोटं पुस्तक घ्या.