गांधीहत्या टाळता आली असती का, आणि तिच्यानंतर महाराष्ट्रात काय घडले?

आपला प्रश्न असा आहे : ‘नाशिकला रामकुंडाजवळ गांधी ज्योत पाहिली. गांधीजींच्या हत्येची कुणकुण पोलिसांना आधीच लागली होती, हे खरे आहे का? आणि हत्येनंतर महाराष्ट्रात जाळपोळ झाली असे आजी सांगायची, ते नेमके काय होते?’

मी नाशिकचाच, बरीच वर्षे येथील दिवाणी न्यायालयात वकिली केली. त्या सवयीमुळे गांधीहत्येच्या कटाची पुढे चौकशी केलेल्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाचा अहवाल वाचताना माझे लक्ष मारेकऱ्यांच्या विचारसरणीपेक्षा कोणाला काय केव्हा कळले, या तारखांकडे अधिक गेले. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या तारखांतच आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनासभा चालू असताना मदनलाल पाहवा या पंजाबी निर्वासित तरुणाने भिंतीजवळ स्फोट घडवला आणि तो जागीच पकडला गेला. त्याचे साथीदार निसटले. मात्र मागे पुष्कळ खुणा राहिल्या. मरिना हॉटेलात देशपांडे या आडनावाने उतरलेल्या दोघांच्या धुलाईच्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ ही अक्षरे होती. मदनलालच्या जबाबात पुण्याहून निघणाऱ्या एका हिंदुत्ववादी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. असा संपादक शोधायला पुण्यात कितीसा वेळ लागला असता? त्या पत्राचे संपादक नथुराम विनायक गोडसे आणि त्यांचे सहकारी नारायण आपटे हे पुणे पोलिसांना चांगले परिचयाचे होते.

मुंबईतही धागा हाती आला होता. रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी निर्वासित मदनलालला आपली पुस्तके विकायला देऊन मदत केली होती, आणि कटाची गोष्ट मदनलाल त्यांच्यापाशी बोललाही होता. जैन यांना ती आधी वल्गना वाटली. परंतु स्फोटाची बातमी वाचताच, २१ जानेवारीला, त्यांनी पंतप्रधान बाळासाहेब खेर (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत) आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेऊन सारे सांगितले. त्यात मदनलालचा कटातील साथीदार, अहमदनगरचा करकरे, याचे नाव होते. मोरारजींनी त्याच संध्याकाळी अहमदाबादला निघताना मुंबई सेंट्रल स्थानकावर पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना बोलावून ही माहिती दिली.

म्हणजे स्फोटानंतर चोवीस तास उलटले, तेव्हा दिल्लीकडे पुण्याच्या संपादकाचा धागा होता आणि मुंबईकडे नगरच्या करकरेचा. हे दोन धागे एकत्र बांधणारा कोणी असता, तर पुढचे सारे सोपे होते. दिल्लीहून दोन अधिकारी मुंबईला गेले, पण त्यांचे आणि मुंबई पोलिसांचे जमले नाही आणि ते परत फिरले. नगरवाला यांच्या मनात तर हा अपहरणाचा बेत असावा, असेच बराच काळ होते. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण शाखेचे उपमहानिरीक्षक राणा त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालच्या जबाबाची प्रत २५ तारखेला त्यांच्या हाती पडली आणि ते आगगाडीने अलाहाबादमार्गे निघून २७ तारखेला मुंबईत पोहोचले. त्याच २७ तारखेला गोडसे आणि आपटे मुंबईहून खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला गेले. तेथून ग्वाल्हेर गाठून त्यांनी बेरेटा पिस्तूल मिळवले आणि २९ तारखेला ते पुन्हा दिल्लीत आले. तपास अधिकारी आगगाडीत आणि आरोपी विमानात, हा योगायोग असेल. पण पुण्याला तार करायला विमान लागत नव्हते.

हे मी केवळ आजच्या शहाणपणाने म्हणत नाही. लाल किल्ल्यातील खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालातच नोंदवले की, २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी ढिलाई केली आणि थोडी जरी तत्परता दाखवली असती तरी बहुधा ही घटना टळली असती. गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास नकार दिला होता, हे पोलिसांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु झडतीवाचूनही बंदोबस्त होऊ शकत होता. गोडसे-आपटेंना चेहऱ्याने ओळखणारे पुण्याचे चार साधे शिपाई बिर्ला भवनाच्या दारात उभे करणे, एवढेच माझ्या मते पुरे होते.

३० जानेवारीला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास तीन गोळ्या झाडल्या गेल्या. सहा वाजता आकाशवाणीने बातमी देताना मारेकरी हिंदू असल्याचे मुद्दाम सांगितले, कारण फाळणीनंतरच्या त्या वातावरणात अफवेने एका रात्रीत मुसलमानांची कत्तल झाली असती. ही खबरदारी योग्यच होती. पण मारेकऱ्याचे नाव आणि गाव कळल्यावर महाराष्ट्रात संताप दुसऱ्या दिशेने वळेल, याची कल्पना कोणी केलेली दिसत नाही.

आपली आजी ज्याबद्दल बोलायची ते हेच. जुनी माणसे त्याला ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ म्हणतात. पुणे, सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, कारखाने जाळण्यात आले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर दगडफेक झाली, त्यात ते गंभीर जखमी झाले आणि पुढल्या वर्षी वारले. नारायणरावांवर या खटल्यात आरोपही नव्हता. ज्यांचा माग लागलेला होता त्यांच्यापर्यंत दहा दिवसांत पोलीस पोहोचले नाहीत, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्या दारात जमाव मात्र एका दिवसात पोहोचला.

तरी हा सारा प्रकार केवळ शोकाचा उद्रेक होता, असे मला वाटत नाही. ब्राह्मणेतर चळवळीपासूनची तेढ, सावकारी आणि जमिनीचे जुने हिशेब त्यात मिसळले होते, आणि दक्षिण महाराष्ट्रात त्याची झळ सर्वाधिक बसण्याचे कारणही तेच असावे. सरकारने जळीतग्रस्तांना घरे बांधण्यासाठी कर्जे दिली. पण वर्ष संपता संपता मुंबई प्रांताचा कूळकायदा आला आणि १९५७ च्या १ एप्रिलच्या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. हा कायदा जळितातून निघालेला नव्हे, त्याची मुळे वेगळी आणि माझ्या दृष्टीने न्याय्यही आहेत. मात्र गावातले घर जळाल्यावर शहरात आलेल्या कुटुंबांना जमीन कसवून घेणेही अशक्य झाले आणि त्यांची गावाशी असलेली गाठ सुटली, हे खरे. ‘३२ ग’ च्या (कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवण्याच्या कलमाच्या) प्रकरणांत अशा घरांतली माणसे माझ्याकडे येत. जमिनीविषयी ती मोकळेपणाने बोलत, फेब्रुवारी १९४८ विषयी फारसे बोलत नसत.

शासनाची कारवाई सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४ फेब्रुवारीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, ती जुलै १९४९ मध्ये उठली. खटल्यात गोडसे व आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप आणि सावरकरांची निर्दोष मुक्तता, असा निकाल लागला. जन्मठेप झालेल्यांपैकी परचुरे आणि शंकर किस्तय्या अपिलात सुटले. मणिलाल आणि रामदास या गांधीपुत्रांनी फाशी माफ व्हावी अशी विनंती केली होती, ती मान्य झाली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात फाशीची अंमलबजावणी झाली.

नाशिकचा संबंध तीन ठिकाणी येतो. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग रामकुंडात विसर्जित झाला. आपण पाहिलेली ज्योत त्याचीच खूण. दुसरा संबंध १९५० च्या सप्टेंबरमधील काँग्रेस अधिवेशनाचा. पुरुषोत्तमदास टंडन त्याचे अध्यक्ष होते आणि जातीयवादाविरुद्धच्या ठरावासाठी नेहरूंनी तेथे आपले सारे वजन खर्च केले. हत्येने उभा केलेला प्रश्न काँग्रेसच्या आतही मिटलेला नव्हता, हे त्यावरून कळते. आजचे गांधीनगर ही त्या अधिवेशनाची आठवण. तिसरा संबंध खरे तर हुकलेला आहे : देशाची टपाल तिकिटे नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापली जात असताना, १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली गांधीजींची तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापून आणली गेली. आयुष्यभर स्वदेशी सांगितलेल्या माणसाची तिकिटे परदेशी! येथील जुने तिकीटसंग्राहक हा किस्सा अजून चवीने सांगतात.

सावरकर भगूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, त्यामुळे त्यांचे नाव निघाले की नाशिकमध्ये आवाज चढतात. न्यायालयाने त्यांना सोडले, कारण माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या सांगण्याला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही, आणि कायद्याने तो विषय तेथे संपला. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये जन्मठेप भोगणारे नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे, करकरे व मदनलाल सुटले; नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्कार झाला, आणि त्यात लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी हत्येचा बेत आपल्याला आधीच ठाऊक असल्याचे सांगितल्याने देशभर गदारोळ उठला. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि कपूर यांचा अहवाल १९६९ मध्ये आला. सर्व घटना एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही, असे त्यात नमूद आहे. सावरकर तोवर, फेब्रुवारी १९६६ मध्ये, निवर्तले होते आणि त्यांची बाजू ऐकली जाणे शक्य नव्हते. म्हणून आयोगाच्या या वाक्याला मी दोषसिद्धी मानत नाही. पण ते वाक्य अहवालात नाहीच, असे सांगणाऱ्यांशीही मी सहमत होऊ शकत नाही. आयोगाचा पोलीस तपासाविषयीचा भाग मात्र साक्षी-कागदपत्रांवर घट्ट उभा आहे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नापुरते पाहिले तर त्याचे उत्तर ‘होय, माहिती होती आणि हत्या टाळता येण्याजोगी होती’ असेच निघते.