पडद्याआड राहिलेले खुनी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या काही महिन्यांत मी १९८० च्या दशकातले, फारसे कोणाला ठाऊक नसलेले पंधरा-वीस स्लॅशरपट, म्हणजे एखादा खुनी एकेकाला गाठून मारत जातो असे भयपट, पाहिले. त्यांतले दोन-तीन मनात घर करून राहिले. माझ्या मित्राचे म्हणणे असे की, ते खरोखर चांगले असते तर लोकांनी लक्षात ठेवलेच असते. काळ हाच उत्तम परीक्षक. हे कितपत पटण्यासारखे आहे?

उत्तर : पंधरा-वीसांत दोन-तीन, हे प्रमाण माझ्याही अनुभवाशी जुळते आणि तेवढ्यापुरते आपल्या मित्राचे म्हणणे मान्य करायला हवे. परंतु काळाला परीक्षक नेमायचे, तर आधी उत्तरपत्रिका त्याच्या हाती पोहोचायला हवी; या चित्रपटांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा वाटेतच गहाळ झाली.

‘हॅलोवीन’ (१९७८) हा चित्रपट जॉन कार्पेंटर यांनी सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास केला. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ला (१९८०) साडेपाच लाखांच्या घरात खर्च आला, पॅरामाउंटसारख्या बड्या कंपनीने तो अमेरिकेत प्रदर्शित केला आणि तिथे त्याने जवळपास चार कोटी डॉलर मिळवले. हे गणित पाहिल्यावर निर्मात्यांच्या तोंडाला पाणी सुटणे स्वाभाविक होते. कॅनडात तर चित्रपटात गुंतवलेल्या पैशावर करात मोठी सवलत मिळत असल्याने तिथूनही ‘प्रॉम नाइट’, ‘टेरर ट्रेन’ असे चित्रपट भराभर येऊ लागले. परिणाम असा झाला की, एकट्या १९८१ मध्ये ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, ‘द बर्निंग’, ‘हेल नाइट’, ‘फायनल एक्झाम’, ‘द प्राउलर’, ‘जस्ट बिफोर डॉन’ आणि शिवाय ‘हॅलोवीन’ व ‘फ्रायडे’ या दोघांचेही दुसरे भाग, अशी रीघ लागली. एवढ्या गर्दीत ज्याच्या पाठीशी मोठा वितरक नव्हता, त्याचे काय झाले असेल हे सांगायला नकोच.

जोसेफ झिटो यांच्या ‘द प्राउलर’चे उदाहरण पाहावे. त्यातले रक्तरंजित प्रसंग टॉम सॅव्हिनी यांनी घडवले आहेत आणि त्यांच्या उत्तम कामांत त्याची गणना होते. परंतु चित्रपटाला मोठा वितरक लाभला नाही. गंमत अशी की, पुढे ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या चौथ्या भागाचे दिग्दर्शन झिटो यांच्याकडे आले आणि सॅव्हिनी यांनाही तिथेच काम मिळाले. म्हणजे धंद्यातल्या माणसांना या चित्रपटाची किंमत कळली होती. प्रेक्षकांना मात्र तो पाहायला मिळाला नाही. (त्याच्या मधल्या भागात दोन पात्रे अंधाऱ्या घरात टॉर्च घेऊन जी न संपणारी शोधाशोध करतात, ती पाहताना माझाही डोळा लागला होता. हा दोष वितरकाच्या माथी मारता येणार नाही.)

कॅनडाचा ‘कर्टन्स’ (१९८३) हा याहून गुंतागुंतीचा नमुना आहे. त्याचे चित्रीकरण मध्येच रखडले, पुढे बरेच भाग नव्याने चित्रित झाले आणि दिग्दर्शक रिचर्ड सिउपका यांनी आपले नाव काढून घेतले. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून जे नाव झळकते, ते चित्रपटातल्याच एका पात्राचे आहे. अशा चित्रपटाची कथा विस्कळीत असणारच, आणि ती आहे. परंतु त्यातला बर्फावरचा प्रसंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. सकाळच्या लख्ख उजेडात एक तरुणी गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करते आहे. काठावर टेपवर गाणे चालू आहे. गाणे एकाएकी थांबते. ती काठाशी येऊन बर्फ उकरते, तेव्हा तिथे एक बाहुली सापडते. मान वर करते, तो समोरून सुरकुतलेल्या म्हातारीचा मुखवटा घातलेली एक आकृती स्केट्सवरूनच, हातात विळा घेऊन, संथपणे तिच्या रोखाने येते आहे. या सगळ्या प्रसंगात अंधार नाही, दाराआड दडणे नाही, धक्का देण्यासाठी एकाएकी वाजवलेले वाद्य नाही. सगळे आधीच दिसते आहे आणि तरीही पळायला जागा नाही, ही भीती मोठ्या खर्चाच्या चित्रपटांनाही क्वचितच साधते. एका प्रसंगासाठी अख्खा चित्रपट जपावा का, असे कोणी विचारले, तर या चित्रपटापुरते तरी मी ‘होय’ म्हणेन.

उलट बाजूही सांगायला हवी. डेव्हिड ए. प्रायर यांचा ‘स्लेजहॅमर’ (१९८३) हा थेट व्हिडिओवर चित्रित झालेल्या सुरुवातीच्या स्लॅशरपटांपैकी एक. त्याचे बरेचसे चित्रीकरण दिग्दर्शकाच्या राहत्या घरात झाले, आणि पांढऱ्या कोऱ्या भिंतींना एकाकी ग्रामीण घर समजा, अशी प्रेक्षकाला गळ घातली आहे. लांबी भरून काढण्यासाठी साध्या चालण्या-बोलण्याचे प्रसंगही संथ गतीने ताणले आहेत. व्हिडिओच्या इतिहासात त्याला जागा आहे, ती कोणी नाकारू नये. परंतु तो विसरला गेला म्हणून कोणाचे नुकसान झाले, असे मला वाटत नाही. अलीकडे जुन्या मूळ फिती शोधून स्वच्छ प्रती काढणाऱ्या कंपन्यांमुळे ‘दुर्लक्षित’ या शब्दाला जी ‘थोर’ या अर्थाची छटा येऊ लागली आहे, तिच्यापासून सावध राहणे बरे.

प्रश्न : कमी पैशांत केलेला चित्रपट पाहताना प्रेक्षकाने काही सूट द्यावी का? की सगळ्यांना एकच माप लावावे?

उत्तर : सूट अभिनयाला द्यावी, क्वचित ध्वनीलाही द्यावी; जागेला देऊ नये. पैसा नसला तरी जागा निवडता येते, आणि स्लॅशरपटाची निम्मी भीती जागेतूनच येते: पात्र कुठे आहे, दार कोणत्या बाजूला आहे, खुनी त्या दोघांच्या मध्ये आहे की पलीकडे. हे प्रेक्षकाला कळत नसेल, तर रक्त कितीही सांडले तरी अंगावर काटा येत नाही.

‘द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड’ (१९८२) हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिसमधल्या विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत, रिकाम्या पडलेल्या विद्यापीठाच्या आवारात चित्रित केला. कथानकही तेच: सुट्टीत वसतिगृह रिकामे करण्यासाठी मागे राहिलेली चार-पाच मुले. पडद्यावरचे ओसाडपण निर्माण करायला त्यांना एक पैसाही पडला नसावा. संगीत दिले क्रिस्टोफर यंग यांनी. ‘हेलरेझर’साठी पुढे नावाजलेल्या या संगीतकाराचा हा पहिलाच चित्रपट. पात्रे फिकी आहेत, हे खरे. परंतु शेवटी या विद्यार्थ्यांनी जो निर्दय निर्णय घेतला आहे, तो घेण्याचे धाडस एखाद्या स्टुडिओने केले असते असे वाटत नाही.

जेफ लिबरमन यांच्या ‘जस्ट बिफोर डॉन’ची तर सारी श्रीमंती ऑरेगनमधल्या सिल्व्हर फॉल्स उद्यानाची आहे. त्या जंगलातले धबधबे, ओले खडक आणि उंच झाडे यांच्यापुढे माणसे इतकी लहान दिसतात की, खुनी यायच्या आधीच त्यांची दया येऊ लागते. धबधब्याच्या सतत गाजणाऱ्या आवाजात हाक ऐकू जात नाही, एवढी साधी गोष्टही तिथे पुरेशी भयावह ठरते. शेवटच्या झटापटीत नायिका कोणतेही हत्यार न वापरता जे करते, ते इथे सांगून आपला रसभंग करत नाही. एवढेच म्हणतो की, तिच्यात होत गेलेला बदल त्या एका कृतीत पुरा होतो, आणि त्यासाठी फक्त एका मुठीची गरज पडते.

जागा मिळाल्यावरही अडचणी येतातच. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ नोव्हा स्कोशियामधल्या एका खऱ्या खाणीत चित्रित झाला. चित्रपटवाले येणार म्हणून तिथल्या मंडळींनी ती आधीच घासूनपुसून, रंगवून लखलखीत करून ठेवली, आणि मग ती पुन्हा मळकट दिसावी यासाठी निर्मात्यांना वेगळा खर्च करावा लागला, ही हकिकत प्रसिद्ध आहे.

प्रश्न : हे चित्रपट मुख्यतः बायकांवरच्या हिंसेचा तमाशा मांडतात, मग ते विस्मरणात गेले ते बरेच झाले, असे मला एक स्त्री म्हणून वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपला आक्षेप जुना आहे आणि निराधार नाही. १९८० मध्येच जीन सिस्केल आणि रॉजर इबर्ट या अमेरिकी समीक्षकांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग याच तक्रारीसाठी खर्च केला होता. खुन्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा प्रेक्षकालाच खुन्याच्या जागी उभा करतो, हा त्यांचा मुद्दा आजही अनेक चित्रपटांना लागू पडतो. पुढे कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की, शेवटी जिवंत उरणाऱ्या आणि उलट वार करणाऱ्या मुलीशी पुरुष प्रेक्षकही समरस होतात. म्हणजे नजर एकाच जागी बांधलेली नसते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, एकाच चित्रपटात सुद्धा.

‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’ (१९८२) आपण अवश्य पाहावा, असे मी सुचवीन. त्याची संहिता रिटा मे ब्राउन या स्त्रीवादी लेखिकेने विडंबन म्हणून लिहिली होती, आणि तो दिग्दर्शित केला एमी होल्डन जोन्स यांनी, तोही ‘ई.टी.’च्या संकलनाची संधी सोडून. निर्मिती-संस्थेला हवा होता सरळसोट स्लॅशरपट. त्यामुळे पडद्यावर दोन चित्रपट एकमेकांत अडकलेले दिसतात: एकीकडे बाजाराला हवे ते अंगप्रदर्शन, आणि दुसरीकडे हातात भलामोठा ड्रिल घेऊन हिंडणारा खुनी, ज्या ड्रिलचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुलीच्या हातातला कोयता त्या ड्रिलवर पडतो आणि त्याचे टोक तुटून उडते, तेव्हा प्रेक्षागृहात हसू फुटावे आणि सुटकेचा निःश्वासही पडावा, अशी रचना आहे. हे बायकांच्या हातून आलेले काम आहे, म्हणून आक्षेपातून आपोआप सुटते असे नाही. परंतु सगळ्या स्लॅशरपटांची एकच गठडी वळून ती पाण्यात सोडून देण्याआधी आपण एवढा एक पाहून घ्यावा.

प्रश्न : एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या लांबीच्या, निरनिराळ्या नावांच्या प्रती मिळतात. कोणती पाहावी?

उत्तर : शक्य तिथे न कापलेली. त्या काळी अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी आणि ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ कायद्यापायी इतकी कापाकापी झाली की, कित्येक प्रसंगांचा ठोका पडायच्या आतच दृश्य बदलते आणि दोष संकलकाचा वाटतो. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चे कापलेले काही तुकडे २००९ मध्ये पुन्हा जोडले गेले, ते पाहिल्यावर चित्रपटाची लयच निराळी भासते.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. वर उल्लेखलेला वसतिगृहाचा चित्रपट ‘प्रँक्स’ म्हणूनही विकला गेला. ‘द प्राउलर’ ब्रिटनमध्ये ‘रोझमेरीज किलर’ झाला. ‘ब्लड रेज’ १९८३ मध्ये चित्रित होऊन १९८७ मध्ये, म्हणजे लाट ओसरल्यावर, बाहेर आला आणि त्याची एक कापलेली प्रत ‘नाइटमेअर अॅट शॅडो वुड्स’ या नावाने फिरली. लुईझ लासर यांनी त्यात उघड्या फ्रिजसमोर जमिनीवर बसून उरलेसुरले अन्न तोंडात कोंबणारी जी भांबावलेली आई उभी केली आहे, ती त्या नावाखाली कोणी शोधायला जाणार नाही.

आणि ‘इंट्रूडर’ (१९८९) पाहणार असाल, तर एक सूचना. सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला अडकलेल्या कामगारांचा हा चित्रपट आहे आणि दिग्दर्शक स्कॉट स्पीगल यांनी कॅमेरा सामानाच्या ढकलगाडीत, टेलिफोनच्या तबकडीमागे, जिथे म्हणून मावेल तिथे कोंबला आहे; ही खोडकर चलाखी मला मनापासून आवडते. व्हिडिओवर आणताना त्यातले रक्त बरेचसे कापून टाकले गेले, म्हणून पूर्ण प्रतच मिळवावी. मात्र जुन्या कॅसेटचे वेष्टन चुकूनही पाहू नये. खुनी कोण, ते विक्रेत्यांनी त्यावरच छापून टाकले होते.