इंग्रजी बोलण्यातील सौजन्य आणि आडवळण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: खिडकी उघडायला सांगताना ‘कॅन यू ओपन द विंडो?’ असे का विचारतात? समोरच्याला ते जमते, हे दोघांनाही ठाऊक असते.

उत्तर: दोघांनाही ठाऊक असते, म्हणूनच ती विनंती ठरते. संभाषण करणारी माणसे परस्परांना सहकार्य करत आहेत असे आपण गृहीत धरतो, हा विचार तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत मांडला. त्यामुळे एखाद्या बोलण्याचा शब्दशः अर्थ प्रसंगाला जुळत नसेल, तर ऐकणारा आपण होऊन त्यामागचा हेतू शोधतो. ज्याचे उत्तर उघड आहे असा प्रश्न कोणी विनाकारण विचारणार नाही, हे तो जाणतो. शिवाय ‘कॅन यू’नंतर ‘प्लीज’ सहज बसते, तर ‘आर यू एबल टू’ या जवळपास समानार्थी रचनेत ते अवघडते, यावरून पहिली रचना विनंतीसाठी किती रुळली आहे ते दिसते. मला महत्त्वाची वाटते ती यामागची सभ्यता: प्रश्नाला नकार देता येतो, आज्ञा मात्र मोडावी लागते.

प्रश्न: माझ्या अहवालावर वरिष्ठांनी ‘यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस पॅराग्राफ अगेन’ असा शेरा लिहिला. मी तो परिच्छेद तसाच ठेवला आणि त्या नाराज झाल्या. माझे काय चुकले?

उत्तर: ‘माइट वॉन्ट टू’ने निवड तुमच्यावर सोपवल्यासारखे दिसते, पण बोलणाऱ्याला आज्ञा देण्याचा अधिकार असेल, तर अशी सूचना बहुधा पाळण्यासाठीच असते. हेच शब्द बरोबरीच्या सहकाऱ्याने लिहिले असते, तर तुमचा अर्थ चुकीचा ठरला नसता. तरीही सगळा दोष तुमच्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. कामाच्या सूचना, विशेषतः इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशांना देताना, ‘प्लीज रीराइट धिस’ इतके स्पष्ट लिहिण्यात काहीही उद्धटपणा नाही. पुढच्या वेळी ‘शुड आय रीराइट इट?’ असे विचारून घ्यावे.

प्रश्न: ‘यू मस्ट कम फॉर डिनर समटाइम’ हे खरे आमंत्रण असते का?

उत्तर: दिवस ठरत नाही तोवर ते केवळ स्नेहाचे बोलणे समजावे, ते खोटे नसते, पण त्यावर तारीख मागू नये. याउलट ‘आर यू डूइंग एनिथिंग ऑन सॅटरडे?’ हा साधा वाटणारा प्रश्न बहुतेक वेळा आमंत्रणाची पूर्वतयारी असतो. त्यावर ‘आय ॲम अवे, आय ॲम अफ्रेड’ असे उत्तर आले, की आमंत्रण उच्चारलेच जात नाही. एकाला नकार द्यावा लागत नाही आणि दुसऱ्याला तो ऐकावा लागत नाही.

प्रश्न: माझ्या निबंधाला ‘क्वाइट गुड’ म्हटले गेले. आनंद मानावा का?

उत्तर: म्हणणारी व्यक्ती अमेरिकी असेल तर निःशंक मानावा. ब्रिटिश असेल तर आघात कुठे होता ते आठवावे: ‘क्वाइट’वर जोर असल्यास निबंध बरा आहे, पण त्यात सुधारणेला जागा आहे, असाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो.