सुचलं, सूझलं की उमगलं?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘कोड्याचं उत्तर एकदम डोक्यात आलं की आमच्या घरी “सूझलं” म्हणतात. पुण्याची भाची म्हणते, हे हिंदी झालं, “सुचलं” म्हण. मुलाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात इनसाइटला “अंतर्दृष्टी” छापलंय. खरा शब्द कोणता?’

ताई, त्या क्षणासाठी मी ‘उमगणं’ निवडेन. ‘सुचणं’ हे ‘सूचना’च्या कुळातलं. मनात काहीतरी येतं, ते बरोबर असेलच असं नाही. ‘सुचलं, पण लागू पडलं नाही’ असं आपण सहज बोलतो. ‘उमगलं, पण लागू पडलं नाही’ मात्र कानाला खटकतं. अंतर्दृष्टी तर माणसाच्या ठायी वर्षानुवर्षं असते. ते क्षणाचं नाव नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘मी उत्तर काढलं’ म्हणताना कर्ता मी असतो, पण ‘मला उमगलं’ म्हणताना उत्तर आपणहून आलेलं असतं. अमेरिकेत मार्क बीमन, जॉन कुनिओस आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच भेदावर उभा आहे. लोकांना तीन शब्द द्यायचे आणि तिघांनाही जोडता येईल असा चौथा शोधायला सांगायचं. मराठीत करायचं तर राखण, शाळा, लाग. (थांबा, उत्तर खाली आहे.) सुटलं की विचारायचं: पायरीपायरीनं काढलंत, की अचानक आलं? म्हणजे आपल्या भाषेत, काढलंत की उमगलं?

ज्यांना उमगलं, त्यांच्या मेंदूत उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, उत्तर आल्याचं बटण दाबण्याच्या साधारण 0.3 सेकंद आधी, सेकंदाला 40च्या आसपास आवर्तनांच्या जलद गॅमा लहरींची उसळी दिसली. काढलेल्या उत्तरांच्या वेळी ती तशी नव्हती. त्याच्याही आधी, उजवीकडे मागच्या बाजूला, सेकंदाला 10च्या आसपास आवर्तनांच्या संथ अल्फा लहरी वाढल्या होत्या. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदू क्षणभर रोखून धरतो, म्हणजे आतला क्षीण धागा हाती लागतो. कोडं सोडवताना आपण आढ्याकडे का बघत बसतो, ते इथे कळतं. ‘तंद्री लागली’ म्हणून मुलांना हटकण्याआधी हे जरूर आठवावं.

आता ‘सूझलं’. ते हिंदीतूनच आलंय, भाचीचं खरं आहे. पण हिंदीतही ‘मुझे सूझा’ असंच म्हणतात. तिथेही उत्तर आपणहून येतं. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या मराठी घरात हा शब्द रुळला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. लेख लिहिताना ‘उमगलं’ लिहा, घरात खुशाल ‘सूझलं’ म्हणा.

कोड्याचं उत्तर: पाठ. पाठराखण, पाठशाळा, पाठलाग.