यकृताची विकरे वाढलेली असताना कोड कसा निवडावा

अमेरिकी आयसीडी-१०-सीएममध्ये (आजार व लक्षणांना ठरावीक कोड देणाऱ्या यादीत) कोडिंग शिकताना सुरुवातीला एवढेच पक्के करा की कोड डॉक्टरांच्या नोंदीवरून ठरतो, प्रयोगशाळेच्या आकड्यावरून नव्हे. अहवालात एएलटी हे यकृताचे विकर (एन्झाइम) कितीही वाढलेले दिसले, तरी डॉक्टरांनी त्याची दखल घेतलेली नसेल, तर त्याचा कोड आपण स्वतःहून लावू नये. शंका असल्यास त्यांना लेखी विचारावे.

डॉक्टरांनी एएलटी किंवा एएसटी (यकृताचे आणखी एक विकर) वाढल्याचे लिहिले असेल, तर आर७४.०१ लावा; अल्कलाइन फॉस्फटेज या विकरासाठी आर७४.८. जुन्या टिपणांतला आर७४.० वापरू नका, कारण १ ऑक्टोबर २०२० पासून तो अपुरा कोड ठरतो. बिलिरुबिन हे विकर नाही, त्यामुळे ते आर७४ या गटात येत नाही.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच असते: बाह्यरुग्ण नोंदीत एएलटी किंवा एएसटी वाढल्याचे आणि निदानाबाबत फक्त ‘फॅटी लिव्हरची शक्यता’ असे लिहिलेले असताना ते थेट के७६.० हा फॅटी लिव्हरचा (यकृतात चरबी साठण्याचा) कोड लावून मोकळे होतात. निदान निश्चित होईपर्यंत तिथे आर७४.०१ हाच योग्य कोड असतो. निश्चित झाल्यावर के७६.० द्या आणि आर७४.०१ सहसा वगळा. आंतररुग्णांचे नियम निराळे आहेत, पण ते तूर्तास बाजूला ठेवा.