डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकत गोष्ट खेळायचा गेम) मधला टॅरास्क हा महाकाय राक्षस खरंच भीतीदायक कसा करायचा? माझ्या प्लेयर्सनी उडत उडत मारला, हिट पॉइंट (मरेपर्यंत किती मार सोसतो ते) दुप्पट करू का?

नका करू. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधे (राक्षसांच्या नियमांचं पुस्तक) ६७६ आहेत आधीच, दुप्पट केलेत तर तोच कंटाळवाणा सेशन डबल लांबेल एवढंच.

माझ्याकडे पण सेम झालं होतं. एसी (वार चुकवायचा आकडा) २५, चॅलेंज रेटिंग (किती अवघड ते) ३०, एका टर्नला पाच अटॅक, सगळं दणकट, पण अटॅक सगळे जवळचे आणि गड्याला पंख नाहीत. जादूचे किरण कवचावर वाया जातात, डाइसवर ६ आला तर उलट टाकणाऱ्यालाच लागतात, पण मॅजिकवालं धनुष्य घेऊन वर तरंगणाऱ्याला काय घंटा फरक पडतो. २०२५ च्या नवीन मॉन्स्टर मॅन्युअलमधे त्याला लांबून लागणारी डरकाळी दिलीय, ती ढापा सरळ.

पण खरी गोम म्हणजे त्याच्या पानावरची एक ओळ जी कोणी वाचत नाही, सीज मॉन्स्टर, इमारतींना डबल डॅमेज. हा गावं मोडायला बनवलेला प्राणी आहे हो, मोकळ्या माळावर आणलात की नुसता मोठा बोकड, कापायला उभा.

दुसऱ्यांदा मी त्याला नदीकाठच्या गावात आणला, एकच पूल, त्यावर पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी. प्लेयर्सकडे त्याला बघायलाच लावलं नाही, तो आपला चालत राहिला आणि दर राउंडला एक गल्ली गायब. विझार्ड (जादूगार) वर सेफ होता पण जिच्या खानावळीत हे लोक आठ सेशन फुकट जेवले ती म्हातारी खाली होती ना! दोन राउंडमधे सगळे जमिनीवर उतरले. पॅलाडिनला (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) गिळला, पोटात दर टर्नला सोळा डाइस ॲसिड, आणि त्याला ओकायला लावायचं तर आतून एकाच टर्नमधे ६० डॅमेज, तेही टॅरास्कचा सेव्ह, म्हणजे टाळायचा डाइस, फेल झाला तरच. टेबलावर चिप्सचा आवाज बंद झाला.

आणि शेवट मी मूळ दंतकथेतून उचलला. फ्रान्समधे ऱ्होन नदीवर तारास्कों नावाचं गाव आहे, टॅरास्क तिथला. सिंहाचं डोकं, कासवाची पाठ, सहा पाय, नदीत दबा धरून होड्या बुडवायचा. त्याला वठणीवर आणला तो संत मार्थाने, पवित्र पाणी शिंपडलं, क्रॉस दाखवला, कमरेचा पट्टा गळ्यात बांधला आणि ओढत गावात आणला, गरीब गाईसारखा. मग लोकांनी त्याला भाल्यांनी मारला. (गावात अजून त्याची मिरवणूक निघते.) जुन्या डी अँड डी मधे पण, १९८३ ला तो पहिल्यांदा आला तेव्हा, हिट पॉइंट उणे ३० पर्यंत नेऊन वर विश स्पेल (इच्छा पूर्ण करणारा मंत्र) टाकल्याशिवाय तो कायमचा मरायचा नाही.

म्हणून डॅमेज सोडून थांबवायचा एक रस्ता ठेवाच, तो चार-पाच सेशन आधीपासून पेरा, नाहीतर आयत्या वेळी काढलेला जुगाड वाटतो. माझ्याकडे देवळातला पट्टा होता, बार्डने (गाणं-बजावणं करणारा प्लेयर) बांधला. आता बांधलेल्या जनावराला मारायचं की नाही यावर पॅलाडिन आणि बार्डचं दीड सेशन भांडण झालंय, टॅरास्क अजून त्या पुलापाशीच बसलाय.